कळफलक गोठणे, लिनक्स संगणकावरील

संगणक चालू असताना त्याचा कळफलक काही सेकंद, काही मिनिटे किंवा संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत कळदाबास प्रतिसाद देईनासा होतो. या दोषास कळफलक गोठणे असे म्हणतात. व्यवहारात ‘कीबोर्ड हँग झाला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. दोष कायमचा असल्यास तो शोधणे फारसे अवघड नसते. तो मधूनमधून उद्‌भवत असेल, तर मात्र तपासणीच्या वेळी तो बहुधा हजर नसतो आणि त्यामुळे संशयावरून उपाय करण्याकडे कल होतो. कळफलक बदलला जातो, परिचालन प्रणाली नव्याने बसविली जाते, आणि आठवड्याने दोष परत येतो. पहिल्या उपायात पैसा वाया जातो. दुसऱ्यात दोषाच्या नोंदीही पुसल्या जातात, म्हणून तो अधिक घातक म्हणावा लागेल. कळफलक गोठणे हे वस्तुतः एका दोषाचे नाव नसून अनेक भिन्न दोषांचे एकच बाह्य लक्षण आहे. कळीपासून पडद्यावरील अक्षरापर्यंतच्या मार्गात संकेत नेमका कोठे थांबला हे ठरविणे, हेच निदानाचे मुख्य काम होय. मराठीत लेखन करणाऱ्याच्या संगणकावर या मार्गात एक टप्पा अधिक असतो व पुष्कळदा दोष त्याच टप्प्यात आढळतो.

टंकलेखन यंत्रात हा प्रश्न या स्वरूपात नव्हता. भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र गोदरेज कंपनीने मुंबईत १९५५ मध्ये तयार केले. अशा यंत्रात दोन कळी घाईने लागोपाठ दाबल्यास टंकाच्या दांड्या एकमेकींत अडकत; पण अडकलेल्या दांड्या डोळ्यांस दिसत आणि बोटाने सोडविता येत. त्याही आधीच्या काळी लेखनसाधन पूर्णपणे लेखकाच्या हाती होते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच दिला असून त्यात बोरू, कागद, शाई यांच्या निगेचाही विचार केला आहे. संगणकात कळ व अक्षर यांमधील दुवा अदृश्य असतो. तो कोठे तुटला हे पाहण्यासाठी आधी त्याचे घटक माहीत असावे लागतात.

संकेताचा मार्ग : रामदासांचे जन्मगाव असलेल्या, जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या गावाचे नाव टंकित करावयाचे आहे, असे समजू. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या व पुढे १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीनुसार ज, काना, अनुस्वार, ब, मोकळी जागा, स, म, र, हलन्त, थ अशा १० चिन्हांसाठी १० कळी दाबाव्या लागतात. शिवाय थ या अक्षराकरिता शिफ्ट कळ धरावी लागते. यांपैकी पहिली, म्हणजे ज ची, कळ रोमन मांडणीतील पी या अक्षराच्या जागी आहे. ती दाबल्याबरोबर कळीखालील आडव्या व उभ्या वाहकांच्या जाळीतील एक संधी जुळते. कळफलकातील लहानसा नियंत्रक ही जाळी सतत चाचपत असतो. धातूचे संपर्क जुळताना क्षणभर थरथरतात. म्हणून संपर्क काही मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच नियंत्रक तो खरा मानतो आणि त्या कळीचा क्रमांक संगणकाकडे पाठवितो. हा क्रमांक कळीच्या जागेचा असतो, अक्षराचा नव्हे. ती ज ची कळ आहे की पी ची, याची कळफलकाला काहीच कल्पना नसते.

पुढील प्रवास जोडणीच्या प्रकारावर अवलंबून असतो. आयबीएमने १९८७ मध्ये प्रचारात आणलेल्या पीएस/२ जोडणीत कळफलक स्वतःहून संगणकाच्या कामात व्यत्यय आणतो व आपला संकेत पोहोचवितो. पुष्कळ लॅपटॉप संगणकांचा अंगचा कळफलक आजही आतून याच पद्धतीने जोडलेला असतो. यूएसबी जोडणीत याच्या उलट, संगणकच दर काही मिलिसेकंदांनी कळफलकाला ‘काही घडले काय?’ असे विचारीत असतो व कळफलक विचारल्याशिवाय बोलत नाही. हा फरक पुढे निदानात उपयोगी पडतो.

संगणकात संकेत प्रथम लिनक्सच्या गाभ्याकडे म्हणजे कर्नलकडे येतो. लायनस टॉरव्हॉल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स म्हणजे काटेकोरपणे पाहता हा गाभाच होय. बाकीचे थर इतरांनी रचलेले व वितरकांनी एकत्र केलेले असतात, आणि दोष शोधणे अवघड होण्याचे हेही एक कारण आहे. गाभ्यातील चालक आज्ञावली निरनिराळ्या कळफलकांचे संकेत एकाच साच्यात बसविते. ते संकेत पडद्याची व्यवस्था पाहणाऱ्या प्रदर्शन सेवकाकडे जातात. जुना प्रदर्शन सेवक एक्स या नावाने व नवी पद्धत वेलँड या नावाने ओळखली जाते. कोणती मांडणी निवडली आहे हे येथे पाहिले जाते. त्यानंतर संकेत निवेश पद्धतीकडे व अखेर ज्या आज्ञावलीत लेखन चालू आहे तिच्याकडे पोहोचतो. ‘जांब समर्थ’ या दोन शब्दांसाठी ही संपूर्ण साखळी दहा वेळा पार पडते. तीही प्रत्येक कळ दाबताना एकदा आणि सोडताना एकदा. सोडल्याचा संकेत वाटेत हरवल्यास संगणकाच्या दृष्टीने कळ दाबलेलीच राहते आणि तेच अक्षर ओळीच्या ओळी उमटत राहते. हा दोष गोठण्याच्या अगदी उलट दिसतो, पण पुष्कळदा तो त्याचेच भावंड असतो.

निवेश पद्धतीचा टप्पा : इंग्रजीत लिहिणाऱ्याचे काम एका कळीस एक अक्षर एवढ्यावर भागते. देवनागरी लेखनासाठी लिनक्सवर सामान्यतः आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांसारखा मध्यस्थ सांगाडा व त्याखाली एखादे भाषायंत्र वापरतात. जपानमध्ये विकसित झालेल्या एम१७एन या ग्रंथालयात मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या मांडण्या उपलब्ध आहेत. मध्यस्थ ही स्वतंत्रपणे चालणारी आज्ञावली असते. लेखन चाललेली आज्ञावली प्रत्येक कळ तिच्याकडे पाठविते आणि उत्तराची वाट पाहते. उत्तर आलेच नाही, तर कळफलक, जोडणी, गाभा आणि पडदा हे सर्व ठणठणीत असूनही एकही अक्षर उमटत नाही.

उच्चारानुसारी रोमन पद्धतीत ही वाट पाहणे पद्धतीच्या स्वरूपातच आहे. ‘समर्थ’ लिहिताना टी ची कळ दाबल्यावर भाषायंत्राला लगेच निर्णय घेता येत नाही. पुढे एच आले तर थ, न आले तर त. म्हणून ते अर्धवट अक्षर अधोरेखित करून राखून ठेवते. मध्यस्थ याच क्षणी अडकला, तर असे अधोरेखित अक्षर पडद्यावर तसेच राहते. मध्यस्थाच्या टप्प्यातील दोषाची ही जवळजवळ खात्रीची खूण मानावयास हरकत नाही. दुसरी खूण म्हणजे एका आज्ञावलीत मराठी उमटत नाही, पण दुसरीत उमटते. अशा वेळी संगणक बंद करण्याची मुळीच गरज नसते. माऊसच्या साह्याने पडद्याच्या कडेवरील भाषाचिन्हावर जाऊन मध्यस्थ पुन्हा सुरू केला, तर लेखनाला धक्का न लागता काम पुढे चालू करता येते. काही आज्ञावलींचा मध्यस्थाशी तुटलेला संवाद मात्र ती आज्ञावली बंद करून पुन्हा उघडल्यावरच जुळतो; म्हणून आधी माऊसने मजकूर जतन करावा.

इन्स्क्रिप्ट मांडणीत साधारणतः एका कळीस एकच चिन्ह येते. भाषायंत्राला कशाचीच वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे ही मांडणी प्रदर्शन सेवकाच्या स्तरावरही उपलब्ध करून देता येते. एका कळीत अनेक चिन्हे देणाऱ्या क्ष, ज्ञ, त्र, श्र या कळी तेथे नसल्या, तरी ती अक्षरे हलन्ताच्या साह्याने जोडून लिहिता येतात. दोष निवेश पद्धतीत असल्याचा संशय असल्यास काही दिवस अशा रीतीने लिहून पाहणे ही उत्तम कसोटी आहे. नोम या पर्यावरणात मध्यस्थ तरीही पूर्णपणे वगळला जात नाही, पण त्याचे काम पुष्कळ हलके होते. रोमन पद्धतीची सवय झालेल्यांना इन्स्क्रिप्ट सुरुवातीला त्रासाची वाटते हे खरे; परंतु दोषाच्या शक्यता कमी करणारी मांडणी म्हणून तिचा विचार सहसा कोणी करीत नाही, तो व्हावयास हवा.

खालच्या थरांतील कारणे : वीज वाचविण्यासाठी वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणांना निद्रावस्थेत पाठविण्याची सोय गाभ्यात असते. कळफलकांना ती सहसा लागू केलेली नसते. पण वीजबचतीची एखादी साधनप्रणाली सर्वच उपकरणांना ती सरसकट लावून देऊ शकते. अशा वेळी निद्रेचा अवधी पूर्वनियोजित म्हणजे २ सेकंद असल्यास लेखक विचार करण्यासाठी जरा थांबला की कळफलक झोपी जातो, नंतरच्या पहिल्या एकदोन कळी वाया जातात आणि काही कळफलक तर जागेच होत नाहीत. गोठणे नेहमी विश्रांतीनंतरच घडत असेल, विशेषतः लॅपटॉप विजेरीवर चालू असताना, तर प्रथम हे कारण तपासावे. त्या उपकरणापुरती वीजबचत बंद केल्याने दोष जातो.

सैल जोडणी, झिजलेली तार किंवा अनेक उपकरणांचा भार वाहणारे बहुमुखी जोडसाधन यांमुळे कळफलक क्षणभर तुटतो व पुन्हा जोडला जातो. गाभ्याच्या नोंदीत ‘यूएसबी उपकरण तुटले’ व लगेच ‘नवे उपकरण सापडले’ अशा अर्थाच्या ओळी जोडीने दिसतात. हा पुरावा निर्विवाद असून तो मिळाल्यास आज्ञावलींकडे पाहण्याचे कारण उरत नाही. बिनतारी कळफलकांच्या बाबतीत आणखी एक कारण लक्षात घ्यावे लागते. यूएसबी ३ प्रकारच्या जोडण्यांतून होणारा विद्युत् चुंबकीय गोंगाट २·४ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यात पडतो आणि बिनतारी कळफलक व माऊस यांचे ग्राहक याच पट्ट्यात काम करतात. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये या व्यत्ययाचे विवेचन प्रसिद्ध केले होते. मोठ्या फाइलींची बाह्य चकतीवर नक्कल चालू असतानाच कळफलक अडखळत असेल, तर ग्राहक लहानशा तारेने दूर नेऊन ठेवणे पुरेसे होते.

लॅपटॉपच्या अंगच्या कळफलकात दोष बहुधा दोन वेळी दिसतो : निद्रेतून संगणक जागा झाल्यावर आणि गाभ्याची आवृत्ती बदलल्यावर. दुसऱ्या प्रकारात संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून जुना गाभा निवडून पाहिल्यास निकाल तत्काळ मिळतो. नियंत्रकाला सुरुवातीसच पूर्वस्थितीत आणण्याची आज्ञाही गाभ्याला देता येते आणि काही प्रतिमानांत तेवढ्याने भागते. कळीखाली साचलेली धूळ, सांडलेला चहा व सैल झालेली चपटी तार यांचा परिणाम मात्र सहसा संपूर्ण कळफलकावर न होता काही कळींवर किंवा जाळीतील एका ओळीवर होतो.

स्मृती अपुरी पडणे हे कारण वरीलांहून वेगळे आहे. अनेक आज्ञावली एकाच वेळी उघडल्याने स्मृती भरली की गाभा तिच्यातील मजकूर चकतीवर नेऊन ठेवणे व परत आणणे यांतच गुंतून पडतो. येथे कळफलकच नव्हे, तर माऊसचा बाणही अडखळतो व चकतीचा दीप सतत तेवत राहतो. दाबलेल्या कळी हरवलेल्या नसतात, त्या रांगेत असतात. घाईघाईने दाबलेल्या पन्नास कळी काही वेळाने एकदम अवतरतात. तेव्हा अशा प्रसंगी हात आवरणे श्रेयस्कर.

गोठण्याचे भास : प्रदर्शन सेवकांत अपंगांच्या सोयीसाठी ‘मंद कळी’ नावाची योजना असते. ती चालू असताना कळ थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय स्वीकारली जात नाही; झटपट दाबलेल्या कळींना काहीच प्रतिसाद मिळत नाही. कळफलकावरूनच या सोयी चालू करण्याची मुभा दिलेली असल्यास शिफ्ट कळ ८ सेकंद दाबून धरल्याने ही योजना लागू होते. इन्स्क्रिप्टमध्ये थ, ण, ळ, श, ख, भ अशी कितीतरी अक्षरे शिफ्टसहच येतात. शिफ्टवर बोट ठेवून पुढचा शब्द आठवीत बसणाऱ्या नवशिक्याच्या हातून असे होणे अगदी संभवनीय आहे. कळ मुद्दाम दाबून धरली असता अक्षर उमटते की नाही, हे पाहिल्यास या प्रकाराचा उलगडा होतो.

आज्ञाखिडकीत कंट्रोल व एस या कळी एकत्र दाबल्यास तेथील लेखन थांबते. दूरमुद्रकांच्या काळातील हा संकेत आजही टिकून आहे. शब्दसंस्कारकात याच कळींनी मजकूर जतन होत असल्याने सवयीने त्या दाबल्या जातात व खिडकी गोठल्यासारखी वाटते. कंट्रोल व क्यू दाबताच ती पूर्ववत् होते. एक्स पद्धतीत एखादी आज्ञावली संपूर्ण कळफलक स्वतःकडे घेऊन बसू शकते. ती स्वतःच अडकली, तर माऊस फिरतो पण इतर कोणालाही कळी मिळत नाहीत. वेलँडमध्ये आज्ञावलींना असा एकतर्फी ताबा घेता येत नाही. प्रवेशाच्या वेळी मांडणी मराठी राहिल्याने परवलीचा शब्द नाकारला जाणे, हा प्रकारही ‘कळफलक चालत नाही’ या तक्रारीखाली येतो, एवढाच येथे निर्देश पुरे.

निदान : सर्वांत साधी कसोटी कॅप्स लॉकच्या दीपाची आहे. हा दीप कळफलक स्वतः लावीत नाही. कळ दाबल्याचा संकेत संगणकात जातो व तेथून दीप लावण्याची आज्ञा परत येते. चित्ररूप पडद्यावर काम चालू असताना ही आज्ञा प्रदर्शन सेवक देतो. तेव्हा गोठलेल्या अवस्थेत दीप लागत व विझत असेल, तर कळफलकापासून प्रदर्शन सेवकापर्यंतचा मार्ग निर्दोष असून दोष पुढे, निवेश पद्धतीत किंवा आज्ञावलीत आहे. दीप हलत नसेल, तर दुसरा कळफलक जोडून पाहावा. तो चालला तर दोष पहिल्या कळफलकात किंवा त्याच्या जोडणीत. तोही न चालल्यास प्रदर्शन सेवकात, गाभ्यात किंवा स्मृतीत. कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळींनी मजकुरी पडदा येतो का, हेही पाहावे. मात्र एक लक्षात ठेवावे की हा बदलही सामान्यतः प्रदर्शन सेवकामार्फतच होतो, म्हणून तो न होणे हे गाभा बंद पडल्याचे प्रमाण नव्हे. दुसऱ्या संगणकावरून जाळ्यामार्फत प्रवेश करता आला, तर गाभा जिवंत आहे हे सिद्ध होते आणि आतून तपास करता येतो. ईव्हीटेस्टसारखे साधन गाभ्यापर्यंत पोहोचलेला प्रत्येक कळदाब दाखविते. संगणक सुरू होतानाच्या प्राथमिक मांडणीच्या पडद्यावरही कळफलक गोठत असेल, तर लिनक्सचा त्यात काहीच संबंध नाही.

दोष मधूनमधून येणारा असल्यामुळे या कसोट्या आगाऊ पाठ असणे आवश्यक ठरते. तो आल्यावर माहिती शोधण्यास कळफलकच नसतो. त्याखालोखाल उपयुक्त साधन म्हणजे साधी वही. गोठण्याची वेळ, त्या वेळी चालू असलेली आज्ञावली, मांडणी मराठी होती की इंग्रजी, संगणक विजेरीवर होता की विजेवर, नुकताच निद्रेतून उठला होता काय आणि दीपाने काय केले, एवढ्या नोंदी आठदहा वेळा केल्या की कारणाचा रोख बहुधा दिसू लागतो. वहीतील वेळ गाभ्याच्या नोंदींतील वेळेशी ताडून पाहता येते. एका वेळी एकच बदल करावा व दोष एरवी जितक्या दिवसांनी येतो त्याच्या काही पट काळ वाट पाहावी. एकाच दिवशी तार बदलून, वीजबचत बंद करून आणि नवा गाभा बसवून दोष गेला, तर तो कशाने गेला हे कधीच कळत नाही.

सुटका : संगणकाची वीज एकाएकी तोडणे हा शेवटचा उपाय होय. आधुनिक फाइलप्रणाली आपली रचना अशा आघातातूनही सहसा वाचवितात. जतन न केलेला मजकूर मात्र वाचत नाही. लिब्रेऑफिसमध्ये आपोआप होणाऱ्या पुनःप्राप्तीच्या नोंदीचे पूर्वनियोजित अंतर १० मिनिटांचे असते. ज्याचा कळफलक वारंवार गोठतो त्याने ते कमी करून घ्यावे. माऊस चालत असल्यास यादीतून मजकूर जतन करता येतो व पडद्यावरील आभासी कळफलकाने उरलेले वाक्यही पुरे करता येते.

माऊसही चालत नसेल, पण कळदाब गाभ्यापर्यंत पोहोचत असतील, तर ऑल्ट व सिस-आरक्यू या कळी धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे सावकाश क्रमाने दाबतात. येथे रोमन अक्षरांच्या जागाच मोजल्या जातात. निवडलेल्या मराठी मांडणीचा त्यांवर परिणाम होत नाही. आर ने कळफलकाचा ताबा प्रदर्शन सेवकाकडून गाभ्याकडे परत येतो, ई व आय ने चालू आज्ञावली बंद होतात, एस ने लिहावयाचा राहिलेला मजकूर चकतीवर जातो, यू ने फाइलप्रणाली केवळ वाचनीय होते आणि बी ने संगणक पुन्हा सुरू होतो. स्मृती अपुरी पडल्यास याच रीतीने एफ दाबून सर्वाधिक स्मृती अडविणारी आज्ञावली बंद करता येते. अनेक वितरणांत सुरक्षिततेसाठी यांतील काहीच आज्ञा खुल्या ठेवलेल्या असतात, म्हणून आपल्या संगणकावर कोणत्या चालतात हे शांतपणे आधीच पाहून ठेवावे. पुन्हा सुरू झालेल्या संगणकावर मागील सत्रातील गाभ्याच्या नोंदी वाचता येतात. मात्र त्या चकतीवर टिकवून ठेवण्याची व्यवस्था केलेली असली तरच. काही संगणकांवर त्या केवळ स्मृतीत ठेवल्या जातात व वीज जाताच नाहीशा होतात.